मदनराज उंद्रीला आला तेव्हा

शुक्रवारी चिखलीला वकिलाकडे जाऊन रहेमतुल्लाला एवढंच सांगायचं होतं, की गेल्या जूनमध्ये उंद्रीच्या बाजारात बियाणं विकायला आलेला माणूस म्हणजे खुद्द सिनेनट मदनराज होता. एक वाक्य, आणि त्याखाली सही. बावीस शेतकऱ्यांचं घोडं त्या सहीपाशी अडलं होतं, आणि त्या बावीस जणांत शंकरराव होता, जो पहिलीपासून चौथीपर्यंत रहेमतुल्लाच्या शेजारी एका तरटावर बसला होता. अडचण इतकीच, की तो माणूस मदनराज नव्हता. बावीस जणांपैकी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रहेमतुल्लाला मात्र ठाऊक होतं, आणि तेही आज-काल नव्हे, त्या माणसाला ट्रॉलीवर पाहिलं त्या घडीपासून.

सात महिने ही गोष्ट पोटात घेऊन तो गाद्या भरत होता. साठी जवळ आलेली, कापसाची धूळ छातीत बसलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले. या वयात माणसाला जिना झेपत नाही आणि लपवाछपवीही झेपत नाही. रात्री झोप लागायची, पण सकाळी उठल्यावर झोप झाल्यासारखं वाटायचं नाही.

उंद्रीत बसस्टँडच्या मागं गादीचं दुकान एकच, ते याचं. बाप पिंजारी, खांद्यावर पिंजण टाकून खेड्याखेड्यांतून फिरायचा. यानं विजेवरचं मशीन घेतलं, एवढाच काय तो फरक. दुकानाच्या दाराला आतून काळा रंग दिलेला होता, आणि त्यावर खडूनं दहा नावं लिहिलेली असत. वर मथळा नाही, खाली सही नाही. पण गावातल्या शेंबड्या पोराला विचारलं तरी तो सांगेल, की हे रहेमतभाईचे नट आहेत, आवडीच्या क्रमानं, एक ते दहा.

ही यादी वर्षातून एकदाच बदलायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला. त्या दिवशी गावात कुणी कामाला हात लावत नाही, आणि भांडायला सगळे मोकळे असतात. पंधरा-वीस माणसं दुकानासमोर उकिडवी बसत आणि रहेमतुल्ला ओला फडका घेऊन उभा राही. कुणाला वर घेतलं, कुणाला खाली ढकललं, यावरून एकदा दोन सख्खे भाऊ महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. पण शेवटी खडू रहेमतुल्लाच्या हातात. त्यानं देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेतल्या तंबूत आणि चिखलीच्या टॉकीजमध्ये जितके पिक्चर पाहिले होते तितके गावात दुसऱ्या कुणी पाहिले नव्हते. एकेक पिक्चर तीन-तीनदा. बाप म्हणायचा, या पोराची अर्धी कमाई अंधारात जाते.

यादीचे नियम कडक होते. जो नट रडताना नाक पुसत नाही, त्याला वरच्या पाचांत जागा नाही. खऱ्या रडण्यात नाक आधी वाहतं आणि डोळे मागून. ज्याला हे माहीत नाही तो कसला रडला! मेल्यावर ज्याचं पोट हलतं, तो दोन पायऱ्या खाली. एक गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा हिरो असाच तीनवरून सरळ नवावर गेला होता, कारण चितेवर त्यानं हळूच ढेकर दिली असं रहेमतुल्लाचं ठाम मत होतं. चौथ्या नंबरावर नावच नव्हतं, नुसतं ‘डाकिया’ लिहिलेलं होतं. हा माणूस पिक्चरमागून पिक्चर पत्र घेऊन यायचा, पत्र द्यायचा आणि जायचा. त्याचं नाव पिक्चरच्या सुरुवातीच्या पाट्यांमध्ये कधी आलं नाही. पण वाईट बातमीचं पत्र देताना तो सायकलवरून उतरायचा आणि चांगल्या बातमीचं बसल्याबसल्या द्यायचा, हे रहेमतुल्लानं हेरलं होतं, आणि तेवढ्यावर त्याला चौथा नंबर दिला होता.

एक नंबरला एकोणीस वर्षं मदनराज. तसा तो काही फार मोठा हिरो नव्हे. तरुणपणी चार-दोन पिक्चर चालले, मग तो थोरला भाऊ झाला, मग बाप, मग आजोबा. नाक पुसायचा, मेला की मरून पडायचा. पण त्याचा नंबर पक्का झाला तो वेगळ्याच कारणानं. एकामागून एक सगळे मोठे नट टीव्हीवर साबण, तेल, चड्डी-बनियन घेऊन यायला लागले, तेव्हा मदनराज आला नाही. “यानं आजवर काहीच इकलं नाही,” रहेमतुल्ला दरवर्षी करीला ठणकावून सांगायचा. “याच्या तोंडून जे निंघते ते त्याचं सोताचं असते.” माणसं माना डोलावत. हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं, की गावात ज्यांनी मदनराजचा एकही पिक्चर पाहिला नव्हता त्यांनाही ते पाठ होतं.

बीटी कपाशीचं वारं सुरू होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. दर मृगाला नवी पाकिटं, नवी नावं, नव्या जिपा. कोणतं खरं आणि कोणतं खोटं, हे दुकानदारालाही सांगता येत नव्हतं. शंकररावासारखा शहाणा माणूस पाच एकराचे तुकडे पाडायचा. दोन एकरांत हे, दोनांत ते, एकात आणखी काही. एक बुडालं तर दुसरं तारेल, असा त्याचा हिशेब.

त्या जूनमध्ये बाजाराच्या दिवशी भोंगा लावलेली जीप आली, मागं उघडी ट्रॉली जोडलेली. चंद्रमुकुट बीटी नावाचं बियाणं, परगावचा कुणी एजंट, आणि भोंग्यावर सारखं एकच: सुप्रसिद्ध सिनेस्टार मदनराज खुद्द आपल्या भेटीला! मिरच्या-कांद्याचे ढीग सोडून बाजार ट्रॉलीभोवती लोटला. पांढरा सफारी, काळा चष्मा, पिकलेले कल्ले, तीच मान वाकडी करून बोलायची लकब. लोक शिट्ट्या मारत होते, पण थोड्या संशयानंच. मुंबईचा नट आणि उंद्रीच्या बाजारात? मग गर्दीतून रंगराव ओरडला. हा रंगराव बाजाराच्या कडेला राहणारा तापट गडी, त्याचीही चार एकर कपाशी.

“रहेमतभाई कुठं हायेत? त्याहिले पुढं आना! खरा हाय का नाही, ते सांगतीन!”

आणि लोकांनी खरंच रहेमतुल्लाला पुढं आणलं. हाताला धरून, वाट करून. ट्रॉलीपासून पाच हातांवर तो उभा राहिला. सगळ्या बाजाराची तोंडं त्याच्याकडे. गादी भरणाऱ्या माणसाला इतकी माणसं एकदम कधी पाहत नाहीत. दुकानात आलेलं गिऱ्हाईक गादीकडे पाहतं, कापूस चिमटीत धरून पाहतं, काट्याकडे पाहतं. आज चार-पाचशे माणसं मिरची-कांदा विसरून त्याच्या एका शब्दाची वाट पाहत होती.

त्यानं वर पाहिलं आणि त्याला कळलं. कान. मदनराजच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली होती, खाली लोंबती नव्हती. पडद्यावर तो कान सुपाएवढा दिसायचा. रहेमतुल्लानं तो तीस वर्षं पाहिला होता. ट्रॉलीवरच्या माणसाची पाळी चांगली लोंबत होती. त्या माणसानंही चष्मा खाली करून याच्याकडे पाहिलं. डोळे घाबरलेले, थकलेले, सकाळपासून काही खाल्लं नसावं असे.

“सांगा ना हो!” रंगराव ओरडला.

“हाव,” रहेमतुल्ला म्हणाला. “मदनराजच हाय.”

जो माणूस उभ्या जन्मात साबण विकायला आला नाही तो बियाणं घेऊन आला, म्हणजे त्या बियाण्यात काहीतरी असणार, असा विचार उंद्रीच्या माणसांनी केला. दुसऱ्या कुठल्या गावानं तो केला नसता, कारण दुसऱ्या कुठल्या गावाला मदनराज काय विकतो नि काय नाही याची पर्वा नव्हती. पण इथं एकोणीस वर्षं करीच्या दिवशी तो धडा घोकून घेतलेला होता. जीप रिकामी झाली.

एजंट उरलेली खोकी आवरत होता तेवढ्यात तो पांढऱ्या सफारीतला माणूस रहेमतुल्लाच्या दुकानात पाणी प्यायला आला. अर्धवट भरलेल्या गादीवर बसला, तांब्याभर पाणी संपवलं, दारावरची नावं वाचली.

“चाचा, तुमी वळखलं ना मले?” तो हळूच म्हणाला.

“कानाची पाळी.”

त्यानं कानाला हात लावला. “याचं काई करता येत नाही. बाकी समदं बसवलं.” तो अकोल्याकडच्या एका ऑर्केस्ट्रात होता, वीस वर्षं मदनराज करत होता, आणि आता ऑर्केस्ट्रालाही कुणी बोलवत नव्हतं. बियाण्यातलं त्याला काही कळत नव्हतं. “तुमी हाव म्हनले म्हनून आज जेवन भेटन,” तो उठताना म्हणाला, आणि भोंग्याच्या हाकेसरशी बाहेर गेला.

तेव्हाही वेळ गेली नव्हती. पाकिटं माणसांच्या हातात होती, पेरलेली नव्हती. शंकरराव समोरच्या हॉटेलात चहा पीत होता, पिशवीत पाच एकरांचं बियाणं घेऊन. चार पावलं जाऊन सांगायचं होतं. रहेमतुल्ला गादीला टाके घालत बसला. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी तो खूश होता. तीन-चार जण दुकानात डोकावून म्हणून गेले, रहेमतभाई, तुमच्याविना आज कोनाले कळलं नसतं. माणूस म्हातारा झाला तरी अशा बोलण्यानं फुगतोच. आठ दिवसांनी पाऊस पडला, पेरण्या झाल्या, आणि मग सांगण्यात काही अर्थ उरला नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

कपाशी वाढली ती माणसाच्या छातीला लागली. नुसता पाला. बोंडं धरली तेव्हा अळी आली. बीटी आहे म्हणून कुणी औषध फवारलं नव्हतं. बीटीला अळी लागत नाही, हेच तर पाकिटावर छापलेलं होतं. पाकिटात बीटी नव्हतंच, साधं कुठलं तरी बी रंग लावून भरलेलं होतं, हे कळेपर्यंत अळी पोट भरून मोकळी झाली होती. एजंटचा फोन लागेना. पाकिटावरच्या पत्त्यावर दोघं जाऊन आले, तर तिथं कुलूप लावलेली खोली.

दिवाळीनंतर शंकरराव एक पोतं घेऊन दुकानात आला. आतला कापूस पिवळा, गाठीगाठींचा, किडक्या बोंडांतून उकरून काढलेला. असल्या कापसाला इकडे कवडी म्हणतात आणि व्यापारी तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत.

“गादी तरी होते का पाह्य बरं याची,” शंकरराव म्हणाला.

रहेमतुल्लानं मूठभर घेऊन ओढून पाहिला. तंतू तुटत होता. “होईन,” तो म्हणाला. “पाच एकरांत एवढंच?”

“अजून दोन पोते हायेत. जनका वेचून राह्यली अजून. म्या म्हनलं, राहू दे, वेचाचं कष्ट बी नाही निंघत. आयकत नाही.” जनकाबाई त्याची बायको. तो गादीच्या कापडावर टेकला. “औंदा तुकडे नाही पाडले म्या. दरसाली पाडतो. औंदा पाची एकरांत एकच लावलं. म्हनलं, तुहा मदनराज काई खोटं इकाचा नाही.”

रहेमतुल्लानं मशीन सुरू केलं, म्हणजे बोलायला नको.

“तुही काय चूक त्याच्यात,” शंकरराव मशीनच्या आवाजावरून ओरडून म्हणाला. “तोच नालायक निंघाला. तुले बी फसवलं त्यानं, मले बी फसवलं.”

या बोलण्यानं रहेमतुल्लाला जितकं लागलं तितकं शिव्यांनी लागलं नसतं. दुसऱ्या दिवशी रंगराव दुकानात आला आणि ओल्या फडक्यानं एक नंबरचं नाव स्वतःच पुसून गेला. रहेमतुल्लानं त्याला अडवलं नाही, आणि तिथं दुसरं नावही लिहिलं नाही.

मग जानेवारीत वकिलाची कल्पना निघाली. शंकररावाची मुलगी धम्मशीला बी.ए. झालेली, अक्षर मोत्यासारखं, अर्जबिर्ज तीच लिहायची. ती चिखलीच्या एका वकिलाला भेटून आली. वकील म्हणाला, एजंट सापडत नाही, कंपनीचा पत्ता खोटा. कुणाच्या तरी मानगुटीवर बसायचं तर त्या नटाच्या बसा. त्यानं जाहिरात केली, त्याच्या भरवशावर तुम्ही माल घेतला. त्याच्याकडे पैसा आहे आणि त्याला अब्रूही आहे. फक्त तो स्वतः आला होता, हे जाणत्या माणसानं लिहून द्यायला हवं.

“तुमच्यापेक्षा जाणता कोन हाय, चाचा?” धम्मशीला दुकानाच्या पायरीवर उभी राहून म्हणाली. “शुकरवारी याचं. गाडीभाडं आमी देऊ.”

अख्तरीला, रहेमतुल्लाच्या बायकोला, सगळं माहीत होतं. जूनच्या त्या संध्याकाळीच त्यानं तिला हसत हसत सांगितलं होतं, आणि ती हसली नव्हती. गुरुवारी भाकरी थापताना तिनं आपलं मत सांगून टाकलं. मुंबईचा माणूस मुंबईत राहतो, त्याचे वकील आहेत, त्याचं काय वाकडं होणार? राहायचं आपल्याला आहे, उंद्रीत, शंकररावाच्या शेजारी. एकदा हो म्हणालात, आता दुसऱ्यांदा म्हणा, आणि विषय संपवा. बोलण्यात तसं वावगं काहीच नव्हतं. रहेमतुल्लानं भाकरी खाल्ली आणि मान हलवली.

पण ते त्याच्यानं होईना. त्या मदनराजनं त्याचं काय बिघडवलं होतं? तंबूत जमिनीवर बसून, शेंगांची टरफलं ढुंगणाखाली टोचत असताना, हा माणूस त्याला तीस वर्षं रडवत आला होता. बाप गेला तेव्हा रहेमतुल्लाला रडू फुटलं नव्हतं. महिन्यानं मदनराजनं पडद्यावर एका बापाला खांदा दिला, तेव्हा फुटलं. त्यानं आयुष्यात काही विकलं नाही, आणि उंद्रीतल्या एका पिंजाऱ्याच्या सहीनं त्याच्या नावावर खोटं बियाणं लागणार. आणि दुसरं म्हणजे शंकरराव. त्याच्याशी एकदा खोटं बोलून सात महिने असे गेले. दुसऱ्यांदा बोलून उरलेले दिवस कसे जातील, हे त्याला चांगलं दिसत होतं.

शुक्रवारी वकिलाच्या खोलीत नऊ जण आले होते. बाकीचे बाहेर व्हरांड्यात. खुर्च्या चारच, म्हणून बरेचसे भिंतीला टेकून उभे. वकील सांगत होता आणि धम्मशीला लिहीत होती. मग तिनं वाचून दाखवलं: “मी, रहेमतुल्ला, धंदा गादी भरणे, राहणार उंद्री, लिहून देतो की मी सदर नटास गेली तीस वर्षे ओळखतो...”

“थांब, बाई,” रहेमतुल्ला म्हणाला. “तसं नको लिवू.”

“काय चुकलं, चाचा?”

“तो मदनराज नव्हता. डुप्लिकेट व्हता. ऑर्केस्ट्रातला.”

कुणाला पहिल्यांदा नीट समजलंच नाही. वकिलानं चष्मा काढला. “हे तुम्हाला आत्ता कळलं का?”

“नाही. तवाच कळलं व्हतं. ट्रॉलीवर पाह्यला तवाच.”

मग खोलीत एकच कालवा झाला. रंगराव टेबलाला वळसा घालून पुढं आला. वकिलानं मधे हात घातला म्हणून बरं. “किती घेतले?” रंगराव ओरडत होता. “एजंटानं किती देले तुले, ते सांग! आमच्या मातीत विष कालवाले किती घेतले?” सात महिन्यांपूर्वी याच माणसानं त्याला रहेमतभाई म्हणून पुढं आणलं होतं.

“काईच नाही घेतलं,” रहेमतुल्ला म्हणाला. हे कुणालाच पटलं नाही. व्हरांड्यातले आत आले, आतल्यांनी त्यांना सांगितलं, आणि त्यांनीही तेच विचारलं, किती घेतले. काही न घेता कुणी असं करतं, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. वकील म्हणाला, नटाविरुद्धचं प्रकरण आता संपलं. एजंट सापडला तर ही साक्ष उपयोगी पडेल, सापडला तर. धम्मशीलानं आधीचा कागद फाडला आणि नव्या कागदावर तो सांगेल तसं लिहिलं. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानं सही केली. सही होताच शंकरराव एकटाच बाहेर पडला.

बाकीचे जीप करून गेले. त्या जिपेत रहेमतुल्लाला बसू देतील असं कुणाला वाटलं नाही, त्यालाही नाही. तो पायी बसस्टँडवर आला. उन्हं कलायला लागली होती. बाकावर शंकरराव आधीच बसलेला होता, धोतराचा सोगा मांडीवर घेऊन. तोही जिपेत गेला नव्हता. रहेमतुल्ला बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मधे तिसरा माणूस बसेल एवढी जागा.

उंद्रीवरून जाणारी खामगावची गाडी लागायला वेळ होता. 

“येक इचारतो,” शंकरराव म्हणाला. “खरं सांगजो. किती देले व्हते त्यानं?”

“काईच नाही, शंकर. तुह्या गळ्याची आन.”

“मंग काऊन?”

रहेमतुल्लानं सांगायचा प्रयत्न केला. सात महिने मनात घोळवलेलं बोलणं तोंडात आल्यावर फारच बारकं झालं. “समदे माह्याकडं पाहून राह्यले व्हते. पुरा बाजार. मले पुढं आनलं. नाही म्हनलं असतं तर समदं तिथंच मोडलं असतं. त्यो बी उपाशी दिसला. मले... बरं वाटलं, शंकर.”

“बरं वाटलं,” शंकरराव म्हणाला.

“हाव.”

“माहे पाच एकर गेले. जनका दोन महिने कवडी वेचून राह्यली. अन् तुले बरं वाटलं.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पण त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता, दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाचा.

“पैसे घेतले असते तर मले समजलं असतं, रहेमत,” तो म्हणाला. “गरज मानसाले काय बी करायले लावते. म्या बी केलं हाय एकदोनदा, जनकाले बी नाही सांगलं. त्याच्यात काई नवं नाही. पर फुकट? फुकट कोनी आपल्या मानसाले बुडवते का बे? मले समजूनच नाही राह्यलं. मी पाहून राह्यलो तुह्याकडं, अन् हा कोन हाय, तेच समजत नाही.”

आणि तो खरंच तसंच पाहत होता. एखादं अनोळखी माणूस शेजारी येऊन बसावं तसं. रहेमतुल्लाला वाटलं होतं, खरं सांगितलं की निदान शंकररावापुरतं तरी ओझं उतरेल. खरं सांगून झालं होतं. आणि बाकावरची मधली जागा तेवढीच होती, किंबहुना वाढल्यासारखी वाटत होती. खामगावची गाडी फाटकातून आत वळली. माणसं पिशव्या उचलून धावली. शंकरराव गुडघ्यावर हात टेकून उठला, रहेमतुल्लाकडे न पाहता, आणि गाडीकडे निघाला.

“पाचशे,” रहेमतुल्ला म्हणाला.

शंकरराव थांबला. “काय?”

“पाचशे देले व्हते. एजंटानं. पानी प्याले आले तवा.”

शंकररावानं वळून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याचा चेहरा सैल पडला, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तो शंकररावासारखा दिसला.

“मंग आन कायले घेतली बे, माह्या गळ्याची?”

“लाज वाटली.”

“कशाले पायजेत व्हते?”

“मशीनची मोटर जळली व्हती.”

शंकररावानं मान हलवली. मोटर जळणं म्हणजे काय, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. “पाचशे रुपयांत इकला गेला का बे तू,” तो म्हणाला. “मले सांगतलं असतं, तर म्या केलं असतं काईतरी.”

“हाव,” रहेमतुल्ला म्हणाला. “चुकलं माहं.”

“चाल आता. जागा नाही भेटाची.”

गाडी भराभर भरत होती. शंकररावानं आत शिरून खिडकीपाशी खांद्यावरचा रुमाल टाकून दोघांची जागा धरली आणि रहेमतुल्लाला आत सरकवलं. अमडापूर मागं पडलं तेव्हा कंडक्टर आला. रहेमतुल्लानं बंडीच्या खिशात हात घातला, पण शंकररावानं तो मधेच धरला.

“दोन उंद्री,” तो कंडक्टरला म्हणाला.